नऊ मिनिटांचा खुलासा

आमच्या फाटकाला लाल पंचा अडकवलेला असला की बेल वाजवायची नाही, हे गल्लीत सगळ्यांना माहीत आहे. दूधवाला पिशवी सळईला अडकवून जातो, गॅसवाला सिलिंडर शेजारी ठेवतो आणि निवडणुकीच्या दिवसांत हात जोडत फिरणारी मंडळीसुद्धा पंचा बघून आवाज खाली आणतात. पंचा म्हणजे आत रेल्वेचा ड्रायव्हर झोपला आहे. हल्ली त्यांना लोको पायलट म्हणतात, कागदोपत्री तसंच छापलेलं असतं. घरात आम्ही ड्रायव्हरच म्हणतो.

लग्नाला सत्तावीस वर्षं झाली. त्यातला बराच काळ मी एका माणसाची झोप राखण्यात घालवला. ड्युटी कधी पहाटेची, कधी भर दुपारची. त्यामुळे आमच्याकडे मिक्सर कधी लावायचा, पाहुण्यांना कधी बोलवायचं, हे घड्याळावर नाही, पंच्यावर ठरतं. यांना ड्युटीवर निघताना भांडण ऐकवायचं नाही, हा माझा दुसरा नियम. भांडण राखून ठेवते आणि परत आल्यावर, जेवण झाल्यावर, सावकाश काढते. हे ठाऊक असल्यामुळे हे जेवायला फार वेळ लावतात.

इंजिनात दोघं असतात, ड्रायव्हर आणि असिस्टंट. पुढचा सिग्नल दिसला की एकाने हात उचलून त्याचा रंग मोठ्याने म्हणायचा आणि दुसऱ्याने तो स्वतः बघून पुन्हा म्हणायचा. एकट्याच्या डोळ्यांवर विसंबायचं नाही. ही सवय घरातही उतरली. मी ‘गॅस बंद’ म्हटलं की हे बाहेरच्या खोलीतून उठून येतात, शेगडी बघतात आणि ‘गॅस बंद’ म्हणून परत जातात. स्कूटर मी चालवते, कारण नगरच्या रहदारीची यांना भीती वाटते. पण मागे बसून चौकाचौकात ‘हिरवा’ म्हणून ओरडतात आणि बाजूचे रिक्षावाले दचकतात.

म्हणून कुणी ‘गाडीला आता ड्रायव्हर लागतो कशाला’ असं म्हटलं की माझं डोकं फिरतं. आणि मागच्या हिवाळ्यात ते माझ्याच घरात, माझ्याच हातची शेंगोळी खात म्हटलं गेलं. तेही अशा आठवड्यात, की यांच्या नोकरीवर बेतलेला कागद तिथेच फ्रिजवर ठेवलेला होता.

तो कागद का आला, ते आधी सांगते.

नगरहून दौंडकडे जाताना काष्टीच्या अलीकडे एक गाव लागतं. नाव लिहीत नाही, कारण गावाचा दोष नाही. तिथे पूर्वी फाटक नसलेलं क्रॉसिंग होतं. ते बंद करून रुळांखालून भुयारी मार्ग काढला. चांगलं केलं. फक्त ज्याने कुणी तो काढला, त्याने शेजारून कालव्याची चारी जाते हे बघितलं नाही. शेतीसाठी आवर्तन सुटून चारीला पाणी आलं की ती पाझरते आणि भुयारात कमरेइतकं पाणी साचतं. मग लोक मोटारसायकली रुळांवरून ओढून नेतात. खडीवर फरशीचे तुकडे टाकून त्यांनी तशी वाटच करून ठेवली आहे. एरवी दोन-चार जण असतात. पण काष्टीच्या बाजाराच्या दिवशी सकाळी शेळ्या, कोंबड्या, भाजीची पोती, सगळं तिथूनच पलीकडे जातं.

हे सिग्नलला कळत नाही. सिग्नल एवढंच सांगतो की पुढे दुसरी गाडी नाही, तू ये. यांना मात्र कळतं. वर्षानुवर्षं त्याच रुळांवरून जाताना उजव्या हाताला चारी दिसते. चारी भरलेली दिसली आणि वार बाजाराचा असला की हे वळणाच्या आधीच वेग कमी करतात आणि गेलेला वेळ पुढे भरून काढतात. कुणी सांगितलेलं नाही, कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही. मलाही कधी बोलले नव्हते. मला त्या कागदावरून कळलं.

त्या दिवशी सकाळची पॅसेंजर होती. वळण संपलं आणि समोर रुळांच्या मधोमध मोटारसायकल. मागचं चाक खडीत रुतलेलं. एक माणूस हँडल धरून ओढतोय, त्याची बायको मागून ढकलतेय आणि सीटवर दोरीने बांधलेली काळी शेळी ओरडतेय. वेग आधीच कमी होता म्हणून ब्रेक लावल्यावर गाडी थांबली. थांबली तेव्हा मध्ये दोन डब्यांइतकं अंतर होतं. तेवढ्यात त्या माणसाने मोटारसायकल उपसून काढली, किक मारली आणि मागे न बघता तो निघून गेला. ओढाओढीत दोरी सुटून शेळी खाली पडली होती. ती शेताकडे पळायची सोडून इंजिनाकडेच धावत आली. असिस्टंटने खाली उतरून तिला पकडलं आणि त्या बाईच्या हातात दिलं. बाईने पदर तोंडावर ओढला आणि शेळीला घेऊन ती उसात शिरली. नऊ मिनिटं गेली.

पुढच्या स्टेशनला कळवलं. तिथून पाहणीला माणूस गेला, तो अर्ध्या तासाने. चार दिवसांनी हातात कागद पडला. सिग्नल हिरवा असताना व कोणतीही सूचना नसताना आपण वेग कमी केला, गाडी थांबवली, नऊ मिनिटे विलंब झाला. पाहणीत जागेवर काहीही आढळले नाही. यापूर्वीही आपण त्याच ठिकाणी वेग कमी केल्याचे नोंदींवरून दिसते. आपणावर कारवाई का करू नये, याचा लेखी खुलासा दहा दिवसांत करावा.

काहीही आढळले नाही! मी एका हायस्कुलात लिपिक आहे, सरकारी भाषा रोज वाचते. पण त्या तीन शब्दांनी मला जितका संताप आला तितका कुठल्याच परिपत्रकाने आणलेला नाही. अर्ध्या तासाने जाऊन काय आढळणार होतं? एकच गोष्ट आढळली असती, आणि ती आढळली नाही कारण गाडी थांबली होती.

“अहो, इंजिनात कॅमेरा आहे ना?” मी विचारलं.

“आहे.”

“मग त्यात सगळं आलं असेल.”

“त्याचं तोंड आमच्याकडे आहे,” हे म्हणाले. “आम्ही झोपतो का, ते बघायला. रुळाकडे नाही.”

असिस्टंटची साक्ष चालेना, कारण तो त्याच इंजिनातला. गार्ड शेवटच्या डब्यात, वळणामुळे त्याला काही दिसलं नाही. यांनी खुलासा लिहिला तो दोन वाक्यांचा. ‘रुळावर माणूस होता. गाडी थांबवली.’

“एवढंच?”

“एवढंच झालं की गं.”

निवृत्तीला तीन वर्षं उरली आहेत. खुलासा पटला नाही तर गाडीवरून उतरवून शेडमध्ये बसवतात. हे तिथे खुर्चीत बसून कुणाच्या तरी रजिस्टरवर सह्या करतील, सगळ्या गाड्या समोरून जातील, आणि निरोपाच्या दिवशी हार घालायला येणारा प्रत्येक जण शेजारच्याला विचारील, ‘यांना शेवटी उतरवलं का होतं हो?’ त्या आठवड्यात पंचा फाटकावर असायचा आणि मी आत डोकावले की यांचे डोळे उघडे असायचे. झोप न झालेल्या ड्रायव्हरला गाडीवर पाठवणं म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायला नको.

तशातच रविवारी यांचा पुतण्या आला. पुण्याला मोठ्या कंपनीत कॉम्प्युटरवर काम करतो. मुलगा वाईट नाही. शेंगोळीची दुसरी वाटी घेता घेता त्याने फ्रिजवरचा कागद वाचला.

“काका, राग मानू नका, पण खरं सांगू? गाडीला आता ड्रायव्हर लागतच नाही. बाहेरच्या देशांत मेट्रो बिनड्रायव्हरच्या धावतात. आपल्याकडेही सुरू झाल्यात. मशीन असतं ना, तर ही नोटीस आलीच नसती.”

“बरोबर,” मी म्हटलं. “मशीनने गाडी वेळेवर नेली असती. नोटीस त्या माणसाच्या घरी गेली असती. तेराव्याची.”

“काकू, तसं नाही. सेन्सर असतात. रुळावर काही असलं की आपोआप ब्रेक.”

“वळणापलीकडचं दिसतं त्याला?”

“वेग आधी कमी करायचा, हेही शिकवता येतं. कालव्याला पाणी कधी, बाजार कधी, एवढा डेटा दिला की झालं.”

“कोण देणार?”

“म्हणजे?”

“आवर्तन सुटलं, चारी पाझरली, भुयारात पाणी आलं. हे दर वेळी मशीनला कोण सांगणार?”

त्याने भाकरी मोडली. “कोणीतरी,” तो म्हणाला.

मी हातातली पळी पातेल्यात ठेवली. हे म्हणाले, “अगं, जेवू दे त्याला.” जेवू दिलं. पण तो ‘कोणीतरी’ माझ्या डोक्यात बसला. मेट्रोचं मला माहीत आहे. बंद काचा, खांबांवरची वाट, आत कुत्रंसुद्धा शिरत नाही. तिथे नसेल लागत ड्रायव्हर, माझी तक्रार नाही. पण इथल्या रुळांवरून शेळी जाते, उसाची मोळी डोक्यावर घेतलेली बाई जाते. ते बघायला एक माणूस आहे. त्याने बघितलं तर म्हणता की सिग्नल हिरवा असताना तू बघितलंस कशाला. आधी माणसाला मशीनसारखं वागायला लावायचं, आणि तो तसा वागायला लागला की म्हणायचं, मग माणूस हवाच कशाला!

हे सगळं मी भांडी घासताना बोलले. ऐकायला पुतण्या उरला नव्हता, तो शेवटच्या शिवशाहीने गेला होता. हे होते, ते ‘हं’ म्हणाले.

साक्षीदार पाहिजे, हे मला स्पष्ट दिसत होतं. रुळावर होता तोच माणूस. पुढच्या बाजारी मी किरकोळ रजा टाकली आणि काष्टीला गेले. ओळख पटवायला माझ्याकडे एकच गोष्ट होती. असिस्टंट म्हणाला होता, “वहिनी, शेळी काळी, एक कान पांढरा. आणि तिने माझ्या शर्टाचं बटण खाल्लं.”

बाजार भरला होता. जनावरांच्या बाजूला गेले आणि शेळ्या घेऊन बसलेल्या तिघाचौघांना सरळच विचारलं, “दादा, गेल्या बाजारी रुळावर मोटारसायकल अडकली होती, ती कुणाची?”

“कोनचे रूळ?”

“रेल्वेचे.”

“आमी न्हाई बा रुळावं जात. गुन्हा हाय त्यो.”

“ह्यानं तर रेल्वेच बघितली न्हाई अजून,” शेजारचा म्हणाला आणि सगळे हसले. “बाई, तुमी पोलिसातल्या का?”

“मी ड्रायव्हरची बायको आहे.”

“मंग सांगा त्यास्नी, हॉर्न जरा हळू वाजवीत जा म्हनावं. म्हशी बिथरत्यात.”

ज्या हॉर्नमुळे या लोकांची माणसं आणि म्हशी सुरक्षित घरी येतात, त्या हॉर्नबद्दल ही तक्रार! पण मी भांडायला आले नव्हते. दोन रांगा फिरले. तिसऱ्या रांगेच्या टोकाला, टेम्पोच्या सावलीत, एक बाई काळी शेळी धरून बसली होती. एक कान पांढरा.

“गेल्या बाजारी विकली नाही वाटतं ही?” मी विचारलं.

“न्हाई वो. येळ झाला यायला. गिऱ्हाईक निघून गेल्तं.”

“वेळ का झाला?”

तिने माझ्याकडे नीट बघितलं आणि शेळीची दोरी जवळ ओढली.

“बटण खाणारी हीच ना?” मी म्हटलं.

बाईने पदर तोंडाला लावला. हसू दाबण्यासाठी असावा. मग टेम्पोच्या मागे बघून म्हणाली, “या आता म्होरं. गावलो आपुन.”

टेम्पोच्या मागून चाळिशीचा, अंगाने किडकिडीत माणूस आला. मी त्याला कागद वाचून दाखवला. दहा दिवसांतले किती गेले ते सांगितलं. ‘त्या दिवशी मी रुळावर होतो आणि गाडी थांबल्यामुळे वाचलो’ एवढं लिहून सही द्या, म्हटलं.

“बाई, त्यास्नी माझा दंडवत सांगा. त्येंच्यामुळं मी हितं हुबा हाय, मान्य हाय. पन सही मातर मागू नका.”

“का?”

“सही केली म्हंजी मी रुळावं हुतो, असं मीच लिवून दिल्यावानी हुतंय. उंद्या केस झाली तर डायवरसायेब येनार का सोडवाया?”

मला चीड आली ती यासाठी, की त्याचं म्हणणं बरोबर होतं. हे खरं बोलले तर याच्यावर केस, तो गप्प राहिला तर यांच्यावर कारवाई. आणि भुयारात पाणी सोडणाऱ्याला कसलाच कागद नाही.

“तुमचा जीव वाचवणाऱ्याची नोकरी जातेय,” मी म्हटलं. माझा आवाज चढला होता.

त्याची बायको म्हणाली, “सही नसली म्हनून काय झालं? रुळाखालच्या मोरीत पानी हाय म्हनून गावानं अर्ज दिल्यात की. पाच दिल्यात. ग्रामपंचायतीत कागद हायत. डायवर खोटं बोलत न्हाईत, येवढं तर त्येच्यावरनं कळंल.”

“तुला कोनी इचारलं?” नवरा म्हणाला.

“शेळीला आन मला रुळावं टाकून पळाला, तवा बी कोनी इचारलं न्हाई.”

शेजारच्या रांगेतले हसले. माणूस शेळीचे पाय तपासू लागला, जणू ती लंगडत होती.

मी तिथूनच वडापच्या जीपने त्या गावी गेले. जीपने रुळांच्या अलीकडे सोडलं, ग्रामपंचायत पलीकडे. भुयाराच्या तोंडाशी गेले. हिरवट पाणी, त्यावर तरंगणारा थर्माकोल, आणि भिंतीवर छान रंगवलेली सूचना, की रूळ ओलांडणे धोक्याचे आहे, भुयारी मार्गाचा वापर करा. सूचनेची खालची ओळ पाण्यात होती.

“वरनं जावा, बाई,” बांधावरचा एक म्हातारा म्हणाला. “समदे जात्यात.”

सत्तावीस वर्षं मी लोकांना सांगत आले आहे की रुळावर पाय ठेवायचा नाही. नणंदेच्या मुलांना एकदा त्यावरून धपाटे घातले होते. तिथे उभी राहून मी दोन्ही बाजूंना बघितलं. रूळ रिकामे. पाण्यातून गेले तर कमरेपर्यंत भिजणार, आणि कागद तर आणायचेच होते. मी हात उचलला आणि मोठ्याने म्हटलं, “रस्ता मोकळा.” पुन्हा म्हणायला दुसरं कुणी नव्हतं. साडी वर धरून फरशीच्या तुकड्यांवरून पलीकडे गेले. म्हातारा म्हणाला, “बरं जमतंय की.” मला त्याचा, स्वतःचा, आणि सूचना रंगवणाऱ्याचा, सगळ्यांचा राग आला.

ग्रामपंचायतीत पाचही अर्जांच्या प्रती मिळाल्या, आवक शिक्क्यांसह. शिक्का असलेला कागद हातात आला की मला जरा बरं वाटतं, तो माझा धंदाच आहे. पाचही अर्जांत तेच लिहिलं होतं. पाणी साचते, नागरिकांना रुळांवरून जावे लागते, अपघात होण्याची वाट पाहू नये. उत्तर एकालाच आलं होतं. ‘आपला अर्ज संबंधित विभागाकडे पाठवण्यात आला आहे.’ संबंधित विभाग कोणता, ते लिहिलेलं नव्हतं. पुतण्याचा ‘कोणीतरी’ तो हाच असणार.

खुलासा मी लिहिला. दोन पानं, सोबत पाच जोडपत्रं. पाहणीत काही आढळले नाही, याचं कारण गाडी थांबली हेच होय, असं लिहिलं. वेग कमी करण्याची सवय आहे हे मान्य, आणि ती का लागली ते या पाच अर्जांवरून समजून घ्यावे, असं लिहिलं. त्या माणसाचं गाव, वर्णन, शेळी, यातलं काही लिहिलं नाही. यांनी दोन्ही पानं वाचली.

“शेवटचं वाक्य काढ,” हे म्हणाले.

“का?”

“उद्धट आहे.”

शेवटचं वाक्य असं होतं, की पुढील वेळी सिग्नल हिरवा असताना रुळावर माणूस दिसल्यास काय करावे, याचे लेखी मार्गदर्शन व्हावे. मी ते काढलं नाही. यांनी सही केली, चष्मा काढला आणि झोपायला गेले. त्या दिवशी मात्र लागली झोप.

उत्तर यायला महिना लागला. खुलासा विचारात घेण्यात आला असून, भविष्यात दक्षता घ्यावी अशी समज देण्यात येत आहे. म्हणजे हे गाडीवर राहिले. समज कशाची दिली ते मला आजतागायत समजलेलं नाही. दक्षता घेतली म्हणून दक्षता घेण्याची समज. मार्गदर्शनाबद्दल एक अक्षर नाही. पण काही दिवसांनी हे ड्युटीवरून आल्यावर जेवता जेवता म्हणाले, “वळणाच्या आधी बोर्ड लागलाय. वेग कमी करा म्हणून.”

पुतण्याला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, “बघा काकू, आलं ना सिस्टिममध्ये! आता मशीनलाही कळेल.”

“हो,” मी म्हटलं. “आणि ते तुझ्या काकांनी शिकवलं. बदल्यात त्यांना समज मिळाली.”

तो हसला. मी नाही.

हे इथे संपलं असं मी धरून चालले होते. परवा शाळेतून आले तर फाटकाशी तो माणूस उभा. पंचा लागलेला होता. शेजारच्या काकू म्हणाल्या, “अगं, दीड तास उभा आहे. मी सांगितलं त्याला, लाल पंचा आहे, बेल वाजवायची नाही. तर तसाच थांबला.” पत्ता त्याने स्टेशनवर विचारून काढला होता. हातात पिशवी, पिशवीत कोथिंबीर आणि मेथी.

मला वाटलं, सही द्यायला आला. उशिरा का होईना, शरम वाटली असेल.

“आता सहीची गरज नाही,” मी हळू आवाजात म्हटलं. “मिटलं ते.”

“सहीचं न्हाई, बाई.” त्यानेही आवाज खाली ठेवला. “येक इचारायचं हुतं. बाजारादिशी सकाळच्या गाडीवं सायेबच असत्यात का?”

“का?”

“न्हाई, म्हंजी सायेब असले तर आमाला काळजी नसती. दुसरं कोन असंल त्या बाजाराला आमी जरा बेतानं वलांडू. येवढं सांगाल का, त्येंची पाळी कवा असती?”

मी फाटक धरून उभी राहिले. पंचा नसता तर माझा आवाज स्टेशनपर्यंत गेला असता. या माणसाला माझ्या नवऱ्याच्या ड्युटीचं वेळापत्रक पाहिजे होतं, रूळ ओलांडायला! रेल्वेने नोंदींतून जे शोधून काढलं आणि गुन्हा म्हणून यांच्यापुढे ठेवलं, त्यावर एका गावाने आपला बाजार बसवला होता.

“लाज वाटत नाही?” मी दबक्या आवाजात म्हटलं. दबक्या आवाजात रागावणं फार अवघड असतं. “बायकोला रुळावर टाकून पळालात, आता पुन्हा तिथूनच जायचं म्हणताय? तिथे आता बोर्ड लागलाय. सगळेच हळू येतील. म्हणून काय रूळ तुमच्या अंगणातून गेलाय? ते असोत नसोत, रुळावर पाय ठेवायचा नाही.”

“मंग जायाचं कुठनं?” त्याने विचारलं. उलट बोलायचं म्हणून नव्हे, खरंच विचारलं. “पानी हायच की अजून. बोर्ड लावला, पानी कोन काडनार?”

‘कोणीतरी’ हा शब्द माझ्या तोंडापर्यंत आला. मी तो गिळला.

“थांबा इथेच,” म्हटलं. “पायऱ्यांवर बसा. चपला वाजवू नका.”

आत गेले. कागद काढला, शाळेतल्या सवयीने वर डाव्या बाजूला समास सोडला आणि सहावा अर्ज लिहिला. मागच्या पाचांचे आवक क्रमांक एकाखाली एक टाकले. बोर्ड लागल्यामुळे धोका मान्य झाला आहे, आता पाणी काढण्याची जबाबदारी कोणत्या अधिकाऱ्याची, त्याचे पदनाम कळवावे, एवढंच लिहिलं. बाहेर येऊन पेन त्याच्या हातात दिलं.

त्याने कागद खालवर बघितला. “ह्याच्यात मी रुळावं हुतो असं हाय का?”

“नाही. पाणी आहे असं आहे.”

“मंग कुठं करू?”

मी बोट ठेवलं. त्याने पायरीवर गुडघा टेकून, जीभ दातांत धरून सही केली. मग म्हणाला, “गावातल्या अजून धा-पंधरा आनू का?”

“पन्नास आणा,” मी म्हटलं. “आणि बायकोची पहिली.”